व्हिसावाले भाऊजी

भर मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटत असताना, बालाघाटात पांढऱ्या अस्वलाचा विषय काढणारा माणूस एकच : आमचे भाऊजी. भरवेलीच्या मॅंगनीज खाणीतून निवृत्त झाले आणि उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांच्या मागे लागले. लोंगयेरब्येन हे तिथलं मुख्य गाव कोळशाच्या खाणीपायी वसलं, तेव्हा ते आपल्याच बिरादरीतलं, असा त्यांचा हिशेब.

टपरीवर मंडळी गोंदियाच्या गाडीबद्दल बोलत असतात. भाऊजी चहा बशीत ओततात आणि म्हणतात, "तिथं व्हिसा लागत नाही, बरं का."

नवखा माणूस इथंच फसतो. "मग जाऊन या की!"

"बेटाला लागत नाही. वाटेला लागतो!" भाऊजी बशी खाली ठेवतात. "विमान ओस्लोहून, नाहीतर ट्रोम्सोहून. म्हणजे नॉर्वेतून. तिथं शेंगेन व्हिसा, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. बेट नॉर्वेचंच, पण शेंगेनच्या बाहेर. तिथं उतरलात की शेंगेन सोडलंत. एकाच प्रवेशाचा व्हिसा असला तर जाल हो, परत कसे याल? दोन प्रवेशांचा मागायचा!"

आता स्वालबार्डबद्दलचा 1920 चा पॅरिसचा करार येतो. त्यात हिंदुस्थानही होता, एवढ्यावरून भाऊजी त्या बेटांबद्दल वडिलोपार्जित शेतीसारखं बोलतात. 2008 साली भारताने तिथं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र उघडलं, ते तर त्यांच्या मते घरचंच. तिथं राहायला परवाना नको. मात्र स्वतःचा खर्च स्वतः भागवता आला पाहिजे, नाहीतर गव्हर्नर बाहेर काढतो. हे ऐकून टपरीवाला उधारीच्या वहीकडे बघतो. भाऊजी अस्वलाकडे वळतात : वस्तीबाहेर पडायचं तर अस्वलाला पिटाळायची तयारी हवी, बहुतेक जण बंदूकच नेतात. मांजर पाळायला बंदी. हिवाळ्यात महिनोन्महिने सूर्य नाही.

"भीती नाही वाटत?" कुणीतरी विचारतं.

"खाणीत कुठं होता सूर्य?"

वहिनींना हे सगळं पाठ आहे. नागपूरच्या लग्नाला चला म्हटलं की याच माणसाची कंबर धरते, हेही त्याच सांगतात.

परवा एका कॉलेजच्या पोराने सरळ विचारलं, "भाऊजी, पासपोर्ट काढला का?"

भाऊजींनी आवाज खाली आणला. "काढला असता रे. पण चौकशीला पोलीस दारात येतो. गल्लीतले लोक काय म्हणतील?"