उचलणार कोण?

मानेसरला दिल्ली-जयपूर महामार्गावर शिफ्ट सुटली की कामगारांचे घोळके कडेला उभे राहतात. ऑटोवाला तिथे सवारी ‘उठाता’ आहे, कंपनीची बस ‘पिकअप’ करते आहे. दोन्हीकडे उचलणारा निदान डोळ्यांना दिसतो. मराठीने मात्र या इंग्रजी क्रियापदाचं नाम केलं, नामाला पत्रे ठोकले आणि गावच्या फाट्यावर उभं केलं. पिकअप शेड! कर्ता वाटेतच गळाला. तीन भिंती, सिमेंटचा बाक, बाकाखाली झोपलेलं कुत्रं आणि कपाळावर ‘यांच्या निधीतून’. गावाचं नाव वीतभर, निधीवाल्याचं हातभर, वेळापत्रकाला जागाच उरलेली नाही. म्हणणारे म्हणतील, स्टेशन उसनं घेतलंत, तिकीट घेतलंत, तेव्हा कुठे होता व्याकरणाचा कळवळा? बरोबर आहे. पण स्टेशन हा शब्द आला तेव्हा सोबत रेल्वेही आली होती. पिकअप एकटाच आला. ‘प्रवासी निवारा’ म्हणा की, असंही कुणी सुचवेल. तो शब्द प्रामाणिक आहे खरा. छप्पर देतो म्हणतो, बस देतो असं कुठेच म्हणत नाही.

खरी गोम पुढेच आहे. मराठी प्रवासी बस गाठतो, पकडतो, दाराला लोंबकळतो, चुकली तर शिव्या घालतो. सगळी क्रियापदं त्याच्या मालकीची. पिकअपमध्ये तो नुसता कर्म. आपल्याकडे माणसाला उचलतात ते पोलीस, नाहीतर शेवटी चौघं जण. आणि माणसाचं एकदा कर्म झालं की त्याचा माल व्हायला कितीसा वेळ लागतो? शेडसमोर बस थांबत नाही तेव्हा जी गाडी थांबते, तिचंही नाव पिकअपच. परवाना मालाचा, हौद्यात शेतमजूर, वऱ्हाडी, देवदर्शनाच्या बायका. 2025 च्या ऑगस्टमध्ये श्रावणी सोमवारी कुंडेश्वराला निघालेल्या खेड तालुक्यातल्या पापळवाडीच्या बायका अशाच गाडीत होत्या. गाडी घाटात कोसळली, बायका मेल्या. अशा प्रत्येक बातमीत हरवलेला कर्ता अचानक मथळ्यावरच सापडतो: पिकअप उलटला. त्या हौद्यात माणसं कुणी बसू दिली, या वाक्याला मात्र अजून कर्ता मिळायचा आहे.