नाव सोलापूरचं, ऑर्डर कुणाची?

मोबाइलवर 'सोलापुरी चादर' असं शोधा. वरच्या रांगेत पैसे मोजून लावलेल्या जाहिराती, त्यांच्याखाली मोठमोठ्या ऑनलाइन बाजारांची पानं, आणि बरंच खाली सरकल्यावर, दिसलाच तर, सोलापूरच्या पूर्व भागातला एखादा यंत्रमागधारक. चादरीला नाव या गावाचं. त्या नावाने शोध घेतला तर गावच शेवटी सापडतं. या आठवड्यात बोलायचं ते याच्यावर.

खरी सोलापुरी चादर हाताला कळते. सुती, वजनदार, जॅकार्डवर विणलेली. नक्षी छापलेली नसते, विणीतच असते, म्हणून दोन्ही बाजूंना दिसते. एका बाजूला जो रंग जमिनीचा, तोच उलट्या बाजूला नक्षीचा. चाटी गल्लीतल्या दुकानात आलेलं जाणतं गिऱ्हाईक घडी मोडतं, चादर उलटी करतं, काठ चिमटीत धरून बघतं, आणि मग भावाचं बोलतं. फोनवर यातलं काहीच करता येत नाही. तिथे फोटो, किंमत आणि तारे. फोटोत सूत कळत नाही, वजन कळत नाही, पहिल्या धुण्यात रंग जाईल की टिकेल हेही कळत नाही. मग गिऱ्हाईक किंमत बघून निवडतं, आणि किमतीच्या लढाईत स्वस्त नक्कल जिंकते.

पानिपतकडची स्वस्त चादर 'सोलापुरी' म्हणून विकली जाते, ही इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार आहे. पानिपतच्या विणकरांशी भांडण नाही. जुन्या कापडापासून पुन्हा सूत काढण्यात त्या गावाचा हात देशात कुणी धरणार नाही. त्यांनी चादर विणावी, पानिपतची म्हणून विकावी, खुशाल विकावी. आक्षेप आहे तो नाव चोरण्याला. पूर्वी ही चोरी एखाद्या शहरातल्या एखाद्या दुकानापुरती असायची. आता एकदा शीर्षकात 'सोलापुरी' टाकलं की तो माल देशभरातल्या शोधात येतो.

आणि हे नाव काही बेवारस नाही. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोघांनाही वीसएक वर्षांपूर्वीच भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्यामागे 1999 चा केंद्राचा कायदा आहे. खोटं मानांकन लावून माल विकला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. खऱ्या उत्पादकाला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी करून मिळते, तिचा क्रमांक मिळतो. मग विक्रेता ऑनलाइन बाजारात 'सोलापुरी चादर' अशी नोंद करतो तेव्हा हा क्रमांक सक्तीने का मागितला जात नाही? जीएसटीचा क्रमांक मागतात, बँकेचं खातं मागतात, खाण्याची वस्तू असेल तर अन्नसुरक्षेचा परवाना मागतात. तिथेच आणखी एक रकाना लागतो. एवढंच काम आहे.

याहून पुढची गोष्ट. पाकीटबंद मालावर उत्पादकाचं जे नाव आणि पत्ता असतो, तो ऑनलाइन पानावरही दाखवायचा, हे 2018 पासून बंधनकारक आहे. म्हणजे शीर्षकात 'सोलापुरी' आणि खाली पत्ता दुसऱ्याच राज्यातला, हे दोन्ही एकाच पानावर, एकाच कंपनीच्या संगणकात पडून असतं. तुम्ही कालच्या दिवशी काय बघितलं हे ज्या यंत्राला नेमकं आठवतं, त्याला या दोन ओळींतली विसंगती पकडता येत नाही, यावर माझा विश्वास नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी माल कोणत्या देशातला ते सांगायला लावलं. देशाबरोबर गावही सांगायला लावा, निदान जिथे गावाच्या नावावरच माल खपतो तिथे तरी.

आता दुसरी बाजू, कारण ऑनलाइनने सोलापूरचं सगळं वाटोळंच केलं असं म्हणणं खोटं होईल. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घरात करणाऱ्या बायकांना पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं व्हॉट्सअॅपने मिळवून दिली. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या इथल्या उद्योगाला परराज्यातले व्यापारी इंटरनेटवर सापडतात. यूपीआयमुळे उधारीची कटकट कमी झाली. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच राग जास्त येतो. दार उघडलं आहे, पण त्याच्या कड्या दुसऱ्याच्या हातात आहेत, आणि तो त्या विचारून बदलत नाही.

दाखला देतो. जानेवारी 2017 मध्ये गूगलचे प्रमुख सुंदर पिचई दिल्लीत आले आणि भारतातल्या छोट्या व्यावसायिकांना फुकट वेबसाइट देण्याची घोषणा केली. मोबाइलवरून दहा मिनिटांत तयार होईल, भारतीय भाषांतही चालेल, संगणकाचं ज्ञान नको, असा तो कार्यक्रम. अनेकांनी त्या साइट काढल्या आणि पत्ता चादरीच्या प्लॅस्टिकच्या बॅगेवर, बिलबुकावर, कार्डावर छापला. मार्च 2024 मध्ये गूगलने या सगळ्या साइट बंद केल्या. 10 जूनपर्यंत जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला गूगलच्याच नकाशावरच्या नोंदीकडे वळवलं, नंतर तेही थांबवलं. त्याच वर्षी 31 जुलैला नकाशावरच्या नोंदीतून गिऱ्हाइकाशी गप्पा मारायची सोयही बंद झाली. घोषणेला सभागृह होतं, पाहुणे होते, कॅमेरे होते. बंद करताना एक ईमेल. यंत्रमागाच्या खडखडाटात दिवस काढणारा माणूस ईमेल किती वाचतो? कुठल्या तरी जुन्या गिऱ्हाइकाचा फोन येतो, 'अण्णा, तुमचं दुकान उघडत नाही हो,' आणि अण्णा म्हणतात, 'सकाळपासून उघडंच आहे की.'

नकाशावरच्या नोंदीचंही ऐकून घ्या. ती हल्ली बऱ्याचदा व्हिडिओ पाठवून सिद्ध करावी लागते. एका दमात, न थांबता, न कापता काढलेला व्हिडिओ हवा. त्यात रस्ता दिसला पाहिजे, आजूबाजूच्या खुणा दिसल्या पाहिजेत, दुकानाची पाटी दिसली पाहिजे, आतली यंत्रं दिसली पाहिजेत, आणि जागा तुमच्या ताब्यात आहे हे कुलूप उघडून किंवा तसंच काही करून दाखवलं पाहिजे. खोट्या नोंदी रोखायला हे हवंच, मला मान्य आहे. पण पूर्व भागात चला. पुढे घर, मागे चार माग. दारात पाटी नाही, कारण इतकी वर्षं कुणाला पाटीची गरजच पडली नाही. सूत देणारा ओळखतो, चादर उचलणारा व्यापारी ओळखतो. कांड्या भरणाऱ्या बायका दाराशी बसलेल्या. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजाऱ्याशी कन्नड. असा माणूस खरा आहे, त्याचा माल खरा आहे, त्याचा माग आत्ता या क्षणी चालू आहे, आणि तरी यंत्राच्या लेखी तो संशयित. उलट, गुळगुळीत फोटो आणि मोठी पाटी असलेल्या नुसत्या दलालाची नोंद सहज पास होते. विणणाऱ्याच्या आधी विकणारा दिसतो, याचं एक कारण हे आहे.

जाहिरातीचा हिशेब त्याहून कडू. शोधाच्या वरच्या जागा लिलावात जातात आणि पैसे क्लिकवर मोजले जातात. गिऱ्हाइकाने चादर घेतली तरी क्लिकचे पैसे जातात, नुसतं बघून परत गेलं तरी जातात. सुताचा भाव, विजेचं बिल, कामगाराची मजुरी आणि वर व्यापाऱ्याची उधारी सांभाळणाऱ्या माणसाने स्वतःच्याच गावाच्या नावावर रोज बोली लावायची? हा खर्च चादरीच्या किमतीत बसवला तर चादर महाग होते, नाही बसवला तर चादर दिसतच नाही.

त्यात आता ऑगस्ट 2024 पासून भारतात शोधाच्या माथ्यावर यंत्राने रचलेलं उत्तर येऊ लागलं आहे. 'खरी सोलापुरी चादर कशी ओळखायची' असं विचारलं की दोन परिच्छेद तयार. ती माहिती कुणीतरी आपल्या साइटवर मेहनतीने लिहिलेली असते, फोटो काढून समजावलेली असते. वाचणाऱ्याचं काम वरच भागलं, तर तो खाली साइटवर जायचं कशाला? ज्याने लिहिलं त्याच्या दारात गिऱ्हाईक येत नाही.

दाद मागायची तर कुठे? शोधाचे निकाल आपल्याच सेवेकडे झुकवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला फेब्रुवारी 2018 मध्ये 135 कोटी 86 लाख रुपयांचा दंड ठोठावला. तक्रार होती 2012 ची. सहा वर्षांत इथले किती माग भंगारात गेले असते, याचा अंदाज करा. ऑगस्ट 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सामान हलवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या खटल्यात सांगितलं की दुसऱ्याचं व्यापारचिन्ह जाहिरातीसाठी शोधशब्द म्हणून विकणारं गूगल हे नुसता बघ्या नाही, त्या व्यवहारात त्याचा सक्रिय भाग आहे. फार मोलाचा निकाल. पण व्यापारचिन्हाला एक मालक असतो आणि त्याच्याकडे वकिलाची फी असते. मानांकनाचे हक्कदार शेकडो विणकर. चार मागांचा धनी दिल्लीला तारखेला जाणार नाही. म्हणून हे काम ज्यांच्या नावावर मानांकन आहे त्या संघटनेचं, जिल्हा उद्योग केंद्राचं, आणि सोलापूरहून मुंबई-दिल्लीला निवडून गेलेल्यांचं आहे. स्वागताला सोलापुरी चादर देणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला हे विचारलं पाहिजे.

सरकारच्या नियमांतही एक खुंटी अडकलेली आहे. राज्यातल्या राज्यात ऑनलाइन विकणाऱ्या लहान विक्रेत्याला 1 ऑक्टोबर 2023 पासून जीएसटी नोंदणीतून सूट मिळाली. बरं झालं. पण ऑनलाइन बाजारातून चटणीची पाकिटं परराज्यात पाठवायची, तर उलाढाल कितीही छोटी असली तरी नोंदणी हवी. सोलापूरपासून कर्नाटकची हद्द कितीशी लांब? विजयपूर आणि कलबुर्गी ही आमची शेजारची बाजारपेठ. तिथल्या अक्काला पाकीट ऑनलाइन विकायला पुण्याच्या ताईपेक्षा जास्त कागद, हे शेजारधर्मालाही धरून नाही आणि धंद्यालाही.

तोवर कारखानदारांनी दोन गोष्टी आजच कराव्यात. बॅगेवर, बिलावर छापायचा पत्ता स्वतःच्या नावाने विकत घेतलेला असावा. वर्षाला हजार-दीड हजारांत तो मिळतो, आणि वेळेवर पैसे भरत राहिलात तर कुणा कंपनीची योजना गुंडाळली म्हणून बंद पडत नाही. आणि गिऱ्हाइकांचे फोन नंबर वहीत असू द्यावेत, दुसऱ्याच्या ॲपमध्ये नव्हे. संघटनेने अधिकृत वापरकर्त्यांची पूर्ण यादी, क्रमांकासकट, मराठी, तेलुगू, हिंदी आणि इंग्रजीत एका साध्या पानावर टाकावी, म्हणजे बेळगावच्या किंवा भोपाळच्या माणसाला विकत घेण्याआधी ताडून बघता येईल.

आणि घेणाऱ्यांना विनंती. लग्नसराई येईल, आहेराच्या चादरी फोनवरून मागवाल. पैसे भरण्याआधी पानाच्या तळाशी जा, उत्पादकाचा पत्ता वाचा. सोलापूर जिल्हा लिहिलेला नसेल, तर 'खोटं भौगोलिक नाव' अशी तक्रार त्याच पानावर नोंदवा आणि 1915 या ग्राहक मदतक्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.