मीच जोडतो

चेन्नईत दहा मराठी घरं एकत्र आली की त्यात एक ‘मीच जोडतो’ हमखास सापडतो. गणपतीची आरती झाल्यावर कुणी सहज बोलून जातं, ‘पोराला कॉम्प्युटर घ्यायचाय.’ याच्या तोंडात मोदक, तरी हात वर. ‘तयार घेऊ नका हो! पैसे पाण्यात. मीच जोडतो.’ मोबदला घेत नाही. जेवणाला नाही म्हणत नाही.

शनिवारी तो मुलाला घेऊन माउंट रोडलगतच्या रिची स्ट्रीटला जातो. ‘अण्णा, एव्वळवु?’ एवढ्या भांडवलावर घासाघीस सुरू होते, पुढचं सगळं हिंदीत. भाव कुठल्याच भाषेत उतरत नाही. ‘आमच्या लॅमिंग्टन रोडला हेच स्वस्त मिळतं,’ असं तो दर दुकानात ऐकवतो. मुंबईला गेला की लॅमिंग्टन रोडवर उभा राहून रिची स्ट्रीटचे भाव सांगतो, ही गोष्ट वेगळी.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ‘द हिंदू’ पसरला जातो. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर निघतो. आयुधपूजेला त्याला चंदन-कुंकू लागतं. आमच्याकडे खंडेनवमी असते खरी, पण या बाबतीत तो पुरता मद्रासी. अंगातली वीज उतरवायला आधी खिडकीच्या गजाला हात लावतो, मग प्रोसेसर, पंखा, रॅम. रॅम बसताना ‘कट्’ आवाज आला की सगळ्यांकडे पाहतो. शेवटी मोठ्या मनाने म्हणतो, ‘घे बाळा, बटण तू दाब.’

पंखे फिरतात. लाल-निळे दिवे लागतात. स्क्रीन काळाच.

इथवर पूर्वरंग. उत्तररंगात तो जास्त रंगतो. पहिला आरोप भिंतीतल्या प्लगवर, दुसरा चेन्नईच्या खाऱ्या हवेवर, तिसरा स्वयंपाकघरातल्या मिक्सरवर. मग तपासणी. मागचं बटण चालू आहे. प्रोसेसरच्या डोक्यावरची आठ पिनांची वायर, जी निम्मे लोक विसरतात, ती याने विसरलेली नाही. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, बरोबर. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच आहे. प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर मदरबोर्डाच्या भोकातून चित्र येतच नाही, हे तो आजीलाही समजावून सांगतो. आजी मान डोलावते. माणूस अडाणी नाही, हे मान्य करायलाच हवं.

मग सगळं बाहेर. मदरबोर्ड स्वतःच्या खोक्यावर उताणा. कुंकवाच्या स्क्रू-ड्रायव्हरने दोन पिना एकमेकींना टेकवून तो मशीन चालू करतो, तेव्हा वहिनी दोन पावलं मागे सरतात. तीस सेकंद होत नाहीत तोच, ‘नाही येत!’ आणि बंद. घड्याळात असतो तसला वाटोळा सेल काढायचा, पुन्हा घालायचा, पुन्हा चालू, पुन्हा बंद.

मदरबोर्डाच्या कडेला ‘डीरॅम’ लिहिलेला बारीक पिवळा दिवा लागलेला असतो, तो मुलाला दिसतो. नव्या डीडीआर-५ मेमरीची रीतच तशी: पहिल्यांदा चालू केल्यावर प्रोसेसर त्या मेमरीशी जुळवून घेत बसतो. काही मिनिटं जातात, तोवर स्क्रीन काळा. सेल काढला की जुळलेलं पुसलं जातं, घोडं पुन्हा मूळपदावर. म्हणजे या माणसाने करायचं फक्त एकच होतं, हात आवरून बसायचं. नेमकं तेवढंच त्याला येत नाही.

‘काका, हा दिवा...’
‘थांब रे, मध्ये मध्ये करू नकोस.’

आता निदान पक्कं होतं: मदरबोर्डच गेलेला. बदलून आणायचा, पण उद्या रविवार, रिची स्ट्रीटची बहुतेक दुकानं बंद. तेवढ्यात आतून हाक येते, ‘अहो, पानं वाढलीत. हात धुवा आधी, ते काळं-करडं मलम लागलंय.’ तो जेवायला बसतो. मशीन तसंच चालू राहतं, कारण बंद करायचं राहून जातं.

दुसरी पोळी चालू असताना बाहेरून पोरगं ओरडतं, ‘काका, आलं! स्क्रीन आला!’

हा जागचा हलत नाही. आमटी ओरपून म्हणतो, ‘येणारच. खारी हवा म्हटलं नव्हतं? पंख्याने सुकलं आतलं. वहिनी, भात वाढा... आणि काय हो, तुमचा लॅपटॉप हल्ली जरा गरम होतो ना? आणा इकडे, उघडूनच बघतो.’