स्टार्टखालचा पसारा

घरातल्या पसाऱ्यावर बोलण्याचा हक्क आपल्यालाच आहे, असा माझा समज आहे. माझा चष्मा कुठे आहे हे मला माहीत नसतं, पण इतरांनी वस्तू कुठे ठेवाव्यात याबद्दल माझी मतं ठाम आहेत. तेव्हा संगणकाचा स्टार्ट मेनू माझ्या तावडीत सापडणं अटळच होतं.

मला खरी चीड येते ती त्यातल्या पाट्यांची. स्कॅन करायचंय? मग स्कॅनर कुठल्या कंपनीचा ते आधी आठवा, कारण प्रोग्रॅम तिच्या नावाखाली दडलेला. आत पाहावं तर कामाचा माणूस एक आणि गोतावळा हा एवढा: 'हेल्प', 'रजिस्टर नाऊ', 'अनइन्स्टॉल', 'रीड मी'. स्कॅनर कधीच भंगारात गेला. त्याचं 'रीड मी' मात्र अजून वाचा वाचा म्हणून मागे लागलंय. संगणक माझा, वीजबिल माझं, आणि दारावर नाव यांचं!

ड्युईनं 1876 साली पुस्तकांचे दहा वर्ग पाडले, रंगनाथनांनी 1933 साली द्विबिंदू वर्गीकरण दिलं. परंपरा पुढे कोणीतरी न्यायलाच हवी होती. मेनू म्हणजे शेवटी शॉर्टकटांचं एक फोल्डर. ते उघडून मी 'अर्थव्यवहार', 'विद्याव्यासंग', 'दृक्‌श्राव्य' असे वर्ग केले, वर्गांत उपवर्ग केले. विंडोज टेनच्या मेनूला फोल्डरच्या पोटातलं फोल्डर दिसतच नाही, हे नंतर कळलं. उपवर्ग गडप झाले.

"अहो, एक्सेल कुठे गेलं?" बायको सोसायटीची खजिनदार आहे.

"अर्थव्यवहारात बघ."

"आणि अर्थव्यवहार कुठे गेला?"

मुलानं तिच्या खांद्यावरून हात घालून विंडोजचं बटण दाबलं, दोन अक्षरं टाइप केली. एक्सेल हजर. "बाबा, ही सोय व्हिस्टापासून आहे. 2007. मेनू उघडतंय कोण आता?"

मी उत्तर दिलं नाही. मी एका नोंदीशी अडलो होतो: माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, मराठी टायपिंगचं पॅकेज.

इथे थोडं विषयांतर करतो. त्या पॅकेजचा डोंगल हा माझा हळवा विषय आहे. युनिकोड घरोघरी पोचण्याआधी मराठीसाठी असं पॅकेज विकत घ्यावं लागे, आणि त्याची फुकट नक्कल होऊ नये म्हणून सोबत हे कुलूप मिळे. काड्यापेटीएवढा ठोकळा, संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या 25 पिनांच्या पोर्टात खुपसायचा आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळायचे. तो जरा हलला की मराठी बंद. टेबलाखाली शिरून धूळ खात स्क्रू पिळायचं काम माझं. वरून अण्णा विचारत, "लागलं का रे कुलूप?" लावल्यावर उघडणारं कुलूप जगात हे एकच, असं ते प्रत्येक वेळी म्हणत आणि प्रत्येक वेळी स्वतःच हसत. मग टाइपरायटरच्या सवयीनं कळा बडवत पाणीपुरवठ्याबद्दल संपादकांना पत्र. त्या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली. समोरच्याकडे तोच फाँट नसला की अण्णांच्या सात्त्विक संतापाच्या जागी टोपी घातलेले ए आणि पौंडाची चिन्हं उमटत. पाणी तरीही आलं नाही.

अण्णा गेले. डोंगल घर बदलताना हरवला. नोंदीवर क्लिक केलं की 'की नॉट फाउंड' एवढंच येतं. हिला कुठल्या वर्गात टाकणार? रंगनाथनांचीही पंचाईत झाली असती.

"टाका ना काढून," मुलगा म्हणाला. बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो लगेच कन्व्हर्टर शोधायला बसला. पत्रं युनिकोडात आली खरी, पण जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची असे, त्यामुळे कित्येक वेलांट्या भलत्याच अक्षराला जाऊन चिकटल्या. ज्या माणसानं आमच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ एका ऱ्हस्वासाठी छापखान्यात परत पाठवलं, त्याच्या पत्रांची ही दशा!

सध्या रात्री जेवणं झाली की मी वेलांट्या जागेवर आणतो. वर्गीकरण तूर्त स्थगित आहे. 'रीड मी' आहे तिथेच आहे, आणि बायको सोसायटीचे हिशेब फोनवर करते.