टँगो ते तंजावर

"सुनीता, कपडे आत घे गं, केमिकलचा वास सुटलाय. आणि कालच्या संगीतात बघितलंस ना? नवरा-नवरी कसे चिकटून नाचत होते!"

"काकू, तो टँगो. बडोद्याला क्लास लावला होता दोघांनी."

"क्लास लावून निर्लज्जपणा?"

"युरोपातही हेच म्हणत होते. नाच मूळचा ब्वेनोस आयरेसच्या गरीब वस्त्यांतला. 1913 मध्ये पॅरिसला त्याचं वेड लागलं, लंडनच्या हॉटेलांत चहाबरोबर टँगो सुरू झाला."

"कपबश्या फुटत नसतील?"

"फुटला तो मोठ्या लोकांचा संयम! पॅरिसमधले अर्जेंटिनाचे राजदूत लारेटा म्हणाले, आमच्याकडे हा नाच बदनाम घरांतच चालतो. जर्मनीच्या कैसरनं गणवेशातल्या अधिकाऱ्यांना बंदी केली. 1914च्या जानेवारीत पॅरिसच्या आर्चबिशपांनी तर पापच ठरवलं."

"बरोबर केलं."

"पण ऐकलं कोणी? उलट पॅरिसनं वाखाणला म्हटल्यावर ब्वेनोस आयरेसच्या बंगल्यांतही तो मानानं शिरला."

"परदेशी शिक्का बसला की सगळं सोवळं! 1913 म्हणजे आपल्या बडोद्याच्या राजकन्या इंदिराराजेंच्या लग्नाचं साल ना? ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं मोडलं नि कूचबिहारच्या राजपुत्राशी लंडनला लग्न लावलं."

"तेच साल, तेच लंडन. त्याचीही चर्चा काय कमी झाली? बरं, नातीचं अरंगेत्रम कधी?"

"दिवाळीनंतर. भरतनाट्यम् हं, असलं काही नाही."

"ते तरी इथलं कुठे? 1880 मध्ये सयाजीराव महाराजांचं तंजावरच्या लक्ष्मीबाई मोहित्यांशी लग्न झालं, त्या चिमणाबाई. त्यांच्याबरोबर आंदणात नर्तकी आल्या, गौरी आणि कांतिमती. दरबारच्या कलावंत कारखान्यात, म्हणजे कलाकारांच्या खात्यात, त्यांना नोकरी होती."

"आंदणात माणसं? अगं बाई!"

"पुढे शिकल्यासवरल्या लोकांनी याच नाचाला नाकं मुरडली, कारण तो देवदासींचा. मग शहरातल्या चांगल्या घरच्या मुली शिकू लागल्या, तशी नाकं सरळ झाली. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर यांनी आपल्या बडोद्याच्या विद्यापीठात तो शिकवला. आज तिथं त्याची पदवी मिळते."

"म्हणजे उद्या टँगोचीही मिळेल म्हण की!"

"मिळू दे. पण ज्या बायकांनी नाच जिवंत ठेवला त्यांना कोणी पदवी दिली नाही, हे मात्र विसरू नका. नाच बदनाम झाला तेव्हा बोलणी त्यांनी खाल्ली, प्रतिष्ठित झाला तेव्हा हार दुसऱ्यांच्या गळ्यात पडले."

"खरंय. नातीला अरंगेत्रमच्या पत्रिकेत गौरी-कांतिमतींची नावं छापायला सांगते."