निघालोच, पाच मिनिटांत!

नागपुरात मे महिन्यात एक वेळ पालकमंत्री भेटतील, एसीवाला भेटणार नाही. डिसेंबरात हाच माणूस चौकात गाडी थांबवून नमस्कार करतो. "काकाजी, सर्व्हिसिंग करून घ्या, सध्या रिकामाच आहे," म्हणतो. काकाजी मफलर सावरत "पाहू" म्हणतात. मग होळी होते, गुढ्या उभारून उतरतात, पारा चाळिशी ओलांडतो आणि एका भर दुपारी काकाजींच्या बेडरूममधला एसी गरम वारा सोडू लागतो. तिथून पुढे नमस्कार करण्याची पाळी काकाजींची.

फोन मात्र तो उचलतो. पहिल्या फोनला "निघालोच". दुसऱ्याला "मानेवाडा चौकात आहे, पाच मिनिटं". तिसऱ्याला "तुमच्याच गल्लीत आहे नं भाऊ, घर कोन्तं?" या तिन्ही वेळी तो जरीपटक्यात कुणाच्या तरी गच्चीवर पाना धरून उभा असतो. याला खोटे बोलणे म्हणू नये. एका दिवसात जितकी घरे होऊ शकतात त्याच्या दुपटीने लोकांना त्याने आशेवर जगवलेले असते, आणि नवतपात माणूस आशेवरच जगतो.

शेवटी तो येतो. तोंडाला दुपट्टा, खांद्याला पिशवी, मागे शिडी घेतलेला छोटू. आधी गार पाणी पितो, मग रिमोट मागतो. एसीकडे दुरूनच पाहतो आणि आत्यंतिक दुःखाने विचारतो, "कोनं लावला हा?" हा प्रश्न सगळे एसीवाले विचारतात. आधीचा मेकॅनिक गाढव होता हे ठरल्याशिवाय कामाला सुरुवातच होत नाही. "तुम्हीच लावला होता," असे काकू म्हणाल्या तरी त्याचे काही बिघडत नाही. "मंग पोरगं पाठवलं असन मी," असे म्हणून तो छोटूकडे रागाने पाहतो. एसी लागला तेव्हा छोटू चौथीत असावा.

त्यानंतर निदान होते. ते एकच असते, "गॅस कमी आहे."

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काकाजी याच वाक्याची वाट पाहत असतात. एसीतला गॅस म्हणजे स्कूटरमधले पेट्रोल नव्हे, हे त्यांनी वाचलेले असते. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच गॅस फिरत राहतो. आत उष्णता घेऊन त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर तो दाबतो, बाहेरच्या जाळीत उष्णता सोडून तो पुन्हा पातळ होतो. यात खर्च होण्यासारखे काही नाही.

"कमी झाला म्हणता, तर गेला कुठे?"

"लिकेज असन नं, काकाजी."

"कुठे आहे लिकेज?"

"तेच तर पाहा लागते."

"मग पाहा."

"पाह्याले टाइम लागते. भरून देऊ का?"

"भरा!" आतून काकूंचा आवाज येतो आणि विज्ञान तिथेच थांबते.

खरी रीत त्याला ठाऊक नसते असे नाही. नायट्रोजन भरून दाब धरायचा, सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहायचे, लिकेज बुजवायचे, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढायची, मग गॅस वजन करून भरायचा. जानेवारीत तो हे सगळे मनापासून करतो. पण जानेवारीत त्याला कोणी बोलावत नाही.

त्याची चेष्टा जिन्यापर्यंतच ठीक आहे. गच्चीवर माणूस बदलतो. घर बांधताना आउटडोअर युनिटला जागा ठेवायची कुणाला सुचलेली नसते. त्यामुळे ते पश्चिमेच्या भिंतीवर, थेट उन्हात टांगलेले. पाना चिंधी गुंडाळल्याशिवाय हातात धरवत नाही. एसीची थंड करण्याची ताकद मोजतात ती बाहेर 35 अंश धरून. मे महिन्यात 35 अंश आम्हाला सकाळी न्याहारीच्या सुमारास भेटतात. 23 मे 2013 ला या शहराने 47.9 पाहिले आहे. अशा हवेत बाहेरची जाळी उष्णता टाकणार कुणाच्या अंगावर? आतला दाब वाढतो, कॉम्प्रेसर तापतो आणि जीव वाचवायला स्वतःच बंद पडतो. एसीवाला युनिटला कान लावतो, क्लॅम्प मीटर वायरीला अडकवतो आणि म्हणतो, "कपॅसिटर गेला." बदलतो, जाळीतला धुळीचा थर पाण्याने धुतो, कबुतराचे घरटे अलगद उचलून टाकीखाली सावलीत ठेवतो, कॉम्प्रेसर घुर्रर्र करून चालू होतो. गॅसचा विषय तो स्वतःहून पुन्हा काढत नाही. काकाजीही काढत नाहीत.

2024 च्या मेअखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखवले होते. नंतर सेन्सर बिघडल्याचा खुलासा झाला. त्या आकड्याचे एसीवाल्याला काही वाटले नव्हते. "सरकारी मशीनले बी मेकॅनिक लागते," एवढेच तो समाधानाने म्हणाला.

त्याला राग येतो तो एकाच गोष्टीचा. खोलीत एसी चालू आणि खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलरही चालू. "हा पाणी काढते, तो पाणी टाकते, अन् बिल तुम्ही भरता," तो सांगतो. काकूंना ते पटत नाही. वाळ्याचा वास एसीला कुठून येणार? रिमोटवर 16 लावल्याने खोली लवकर गार होत नाही, हेही तो दर वर्षी सांगतो. 2020 पासून नवे एसी चालू होतात तेच 24 वर, असाही दाखला देतो. आणि काम संपल्यावर गारवा दाखवायला स्वतः 16 लावून निघतो.

"किती झाले?"

"द्या समजून."

या दोन शब्दांइतका महाग आकडा अजून कुणी सांगितलेला नाही. घासाघीस होते, छोटू शिडी उचलतो. जाता जाता एसीवाला खिशातून आपल्या नंबरचे स्टिकर काढतो आणि एसीवरच्या जुन्या स्टिकरवर बरोबर मध्यभागी चिकटवतो.

"खाली कुणाचा नंबर आहे?" काकाजी चष्मा लावत विचारतात.

"तो बी माझाच आहे," दुपट्टा बांधता बांधता तो म्हणतो. "त्याच्यावर फोन लय येतात."