दुसरा हात कुठे आहे?

यंदा आखाजीला धुळ्या-जळगावात ज्या लेकी माहेरी आल्या, त्यांच्यातल्या बऱ्याच जणी कडेवर एक नातू आणि काखेत एक ‘एका हाताने मिटणारी’ बाबागाडी घेऊन उतरल्या. हलकी, घडीची, खास प्रवासासाठी. नानांनी किंमत विचारली. ती ऐकून ते गच्चीवर जाऊन बसले आणि झोका बांधायला बोलावलं तेव्हाच खाली आले.

गाडी निवडणारा बाप तुमच्या ओळखीचाच. मूळचा अमळनेर-पारोळ्याकडचा, हल्ली पुण्यात, कपाळावर कंपनीचं कार्ड लावायचं तेवढं बाकी. कपाशीचं वाण निवडताना त्याच्या वडिलांनी केली नसेल एवढी चौकशी त्याने चाकांची केली. तक्ता केला, रकाने पाडले, रात्र-रात्र जागून व्हिडिओ पाहिले. शेवटी निकष ठरला: घडी ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरच्या आत आणि वजन सात किलोच्या आत. म्हणजे ती विमानात डोक्यावरच्या कप्प्यात बसते. कुटुंब येणार रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. जळगावला निदान विमान उतरतं तरी. धुळ्याच्या गोंदूरच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिक उतरतात, जावई उतरत नाहीत. चाळीसगावहून धुळ्याला रेल्वेचा फाटा आला १९०० साली. तेव्हापासून त्या डब्यांत बाकाखाली पोत्यापासून पाळण्यापर्यंत काय काय गेलं, सेंटिमीटर कोणी विचारले नाहीत.

पण विमान राहू द्या. माझं भांडण त्या एका हाताशी आहे.

जाहिरातीतली आई पाहिलीत का? उजव्या हाताने गाडी मिटतेय, डाव्या कडेवर बाळ, बाळही खूश. आता त्याच खोक्यातलं माहितीपत्रक उघडा. ठळक अक्षरांत सूचना आहे: गाडी उघडताना आणि मिटताना मूल दूर ठेवा, बिजागरीत बोट सापडेल. सूचना अगदी रास्त. तान्ह्या बोटाची थट्टा नको. मग कडेवरचं बाळ दूर कसं ठेवायचं? कोणाच्या तरी हातात द्यायचं. ते दिलं की आईचे दोन्ही हात मोकळे. दोन्ही हात मोकळे असताना गाडी एका हाताने मिटते, याचं कौतुक कशाला करायचं? म्हणजे ही सोय नेमकी तेव्हाच वापरता येते, जेव्हा तिची गरज नसते. आणि बाळ धरायला दुसरा माणूस हजर असेल, तर तोच म्हणेल, “आण इकडे, मी मिटतो.” एका हाताचे जादा पैसे मोजून आपण घरी आणलेत चार हात.

चारवर भागलं तर नशीब. दुकानातला मुलगा गाडी मिटतो तेव्हा डोळ्याचं पातं लवत नाही. घरी आल्यावर ओसरीवर जे होतं ते असं. दांड्याच्या मधोमध एक राखाडी बटण असतं. ते अंगठ्याने आधी डावीकडे सरकवायचं. सरकवलेलं तसंच धरून ठेवायचं. मग त्याच हाताच्या बोटांनी दांड्याच्या पोटातली कळ दाबायची आणि मनगट पुढे ढकलायचं. त्याआधी पुढची चाकं सरळ हवीत, छत मागे हवं, पाठ उभी हवी, ब्रेक लागलेला हवा की सुटलेला यावर जावई आणि व्हिडिओ यांच्यात एकमत नाही. थोरले मामा म्हणतात, “जोर लावा.” जावई म्हणतात, “जोर नाही लावायचा, मामा, टेक्निक आहे.” मामा ट्रॅक्टरची ट्रॉली जोडणारे गृहस्थ, त्यांना टेक्निक शिकवल्याचा राग येतो. आत्या म्हणतात, गुडघा लावून पाहा. तेवढ्यात बटण कोणाकडून तरी चुकून नीट सरकतं आणि गाडी मिटते, पण अर्धीच. आता ती उघडतही नाही. त्या अवस्थेत ती न्हाणीच्या दाराशी ठेवतात आणि सगळे आमरसाच्या पंगतीला बसतात. दुपारी शेजारचा आठवीतला पोरगा येऊन ती एका फटक्यात मिटतो. त्याला आंबा मिळतो. सुट्टी संपेपर्यंत गाडी मिटायची झाली की “त्याला बोलवा रे” ही हाक ठरलेली. एका हाताने मिटते हे खरंच आहे. फक्त तो हात शेजारच्या घरात राहतो.

या सगळ्यात बाळ कुठे असतं? कडेवर. बाबागाडी घरात आल्यापासून बाळ गाडीत बसलंय ते फक्त फोटोपुरतं. कारण ओट्यावर मोठी माय बसलेली असते आणि तिने गाडी पाहताक्षणीच निवाडा दिलेला असतो: “पोऱ्याले कडेवर ले, गाडीमा डबा ठेव.” या वाक्यावर अपील नाही. डब्यात बिबड्या असतात. त्याच्यावर कुरडया, त्याच्यावर नागलीचे पापड, बाजूला कळण्याच्या पिठाची पिशवी आणि दांड्याला टांगलेली केळ्यांची फणी. रावेरची केळी आणि पुण्याची गाडी, दोन्हींचा मान राहिला. मग ही वरात जळगावच्या फुले मार्केटात निघते, कारण लेकीला जाण्याआधी बाळासाठी दोन झबली घ्यायची असतात. पुढे रिकाम्या हातांचे जावई गाडी ढकलत, मागे बाळ घेतलेली मावशी, त्याच्यामागे मावशीची पर्स घेतलेली लेक. दुकानदार गाडीत वाकून बाळाचा गालगुच्चा घ्यायला जातो आणि त्याच्या हाताला पिठाची पिशवी लागते. तोवर मावशी दमते आणि बाळ एकदाचं गाडीत बसतं, डब्यासकट. सहा किलोची गाडी. आत बाळ, मागे दांड्याला केळी. हे कसंबसं तोललेलं असताना बाळ रडतं, लेक त्याला उचलते, पुढचं वजन गेलं, मागची केळी जिंकली, गाडी उताणी. बिबड्यांचा डबा उघडून झबल्यांच्या ढिगावर. दांड्याला पिशवी टांगू नका, गाडी मागे कलंडते, हेही त्या माहितीपत्रकात होतं. पण ते पत्रक एव्हाना कुरडयांच्या डब्याच्या तळाशी अंथरलेलं होतं. मग परतताना रिक्षात बसायचं, म्हणजे गाडी मिटायची. मिटायची तर खालची टोपली रिकामी हवी. टोपलीतलं सामान फुटपाथवर मांडलं जातं. लगेच एक बाई थांबून विचारतात, “बिबड्या कशा दिल्या?”

आता वजनाकडे या. जळगाव हे सोनं मिलिग्रॅममध्ये तोलणारं गाव. इथल्या गिऱ्हाइकाला वजनात कोणी फसवू नये. तरी तोच गिऱ्हाईक खोक्यावरचा ‘५.९ किलो’ हा आकडा मान डोलावून घेतो. काही गाड्यांच्या बाबतीत हे वजन छत, टोपली, पुढचा दांडा काढून ठेवल्यावरचं असतं. खाली बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं. सोनाराने पाटली तोलताना निम्मी बाजूला काढून ठेवली असती, तर गिऱ्हाइकाने त्याचा काटा सुभाष चौकात नेऊन दाखवला असता.

आणि गाडी हलकी हवी म्हणजे कशासाठी हवी? छत्रीसारखी घडी होणारी बाबागाडी १९६५ साली इंग्लंडात निघाली. विमानाची चाकं उड्डाणानंतर पोटात मिटतात, ती विद्या तिच्यात उतरली. ॲल्युमिनियमची, वजन तीन किलोच्या आत. आई ती दिवसभर फुटपाथवरून ढकलायची आणि बसमध्ये चढण्यापुरती मिटायची. म्हणजे तिकडे ढकलणं हा नियम, उचलणं हा अपवाद. त्याआधीची, १७३३ च्या सुमाराची तिकडची बाबागाडी तर सरदाराच्या मुलांसाठी होती आणि ती तट्टाने किंवा बोकडाने ओढायची होती. मला विचाराल तर खानदेशात विकायची गाडी ती होती. बोकडाला खड्डा दिसतो. बोकड दुभाजकावरून उडी मारतो. बोकडापुढे मोटरसायकल लावली तर तो तिच्यावर चढतो. बोकडाला कोणी हॉर्न वाजवत नाही, उलट रिक्षावाला थांबून “कितीचा?” म्हणून विचारतो. आणि बोकड मिटावा लागत नाही. पण जावयाच्या तक्त्यात बोकडाचा रकाना नाही, आणि त्याचं वजन सात किलोत बसत नाही.

आपल्याकडे उचलणं हाच नियम आहे. धुळ्यात आग्रा रोडने पाचकंदीलकडे एक बाबागाडी ढकलत नेऊन दाखवा. पुढची चाकं बशीएवढी. पहिल्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत ती आडवी होतात. दुसऱ्या फटीत मूल हिंदकळतं. मग फुटपाथ संपतो, कारण तिथे रोहित्राचा खांब आहे. पुन्हा सुरू होतो तर तिथे दुकानाचा माल आहे. त्याच्यापुढे मोटरसायकली, त्याच्यापुढे रसवंती, त्याच्यापुढे गटाराचं झाकण, तेही आहे या आशेवर. म्हणून बाप काय करतो? मूल कडेवर घेतो आणि दुसऱ्या हाताने गाडी उचलतो. हा तो दुसरा हात! तो जाहिरातीत कधी दिसत नाही, कारण तो खानदेशात गाडी वाहतोय. जी ढकलायची ती गाडी किलोभर जड असली तरी चालते. जी खांद्यावरूनच न्यायची आहे, ती हलकी लागते. हलकेपणासाठी आपण जे हजारो रुपये मोजतो, तो रस्ता नसल्याचा दंड आहे, आणि तो आपण हौसेने, हप्त्यांत भरतो.

आणि आता थट्टा पुरे. पायी चालणाऱ्याला किमान १.८ मीटर मोकळा फुटपाथ हवा आणि त्याची कड १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको, हे देशाच्या रस्त्यांच्या मानकांत २०१२ पासून छापलेलं आहे. सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सर्वांना वावरता येतील अशा करायच्या, असं दिव्यांग हक्क कायदा २०१६ पासून सांगतो. त्याचे नियम २०१७ साली आले, मुदत २०२२ साली संपली. चाकाच्या खुर्चीला जो उतार लागतो, बारा फुटांना एक फूट चढणारा, तोच बाबागाडीला लागतो, तोच गुडघे दुखणाऱ्या मोठ्या मायला लागतो. उताराच्या नावाखाली आपण काय बांधतो? दारापुढे सिमेंटची घसरगुंडी, तिच्या तोंडाशी साखळी, साखळीला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला. बाप निदान मूल उचलू शकतो. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला कोण उचलणार? तो घरीच बसतो. आणि तो रस्त्यावर दिसत नाही म्हणून आपण म्हणतो, इथे उताराची गरजच काय, वापरतं कोण! अजिंठ्याच्या पायऱ्यांना डोली आहे, चार माणसं उचलतात. वणीच्या गडाला पाचशेच्या वर पायऱ्या, तिथेही २०१८ पासून ट्रॉली चालते. डोंगरावर देवीपर्यंत माणूस बसून पोहोचतो. सपाटीवरच्या शहरात पोस्टाच्या खिडकीपर्यंत पोहोचत नाही. याची लाज कोणाला वाटत नाही, कारण ज्यांना वाटायला हवी ते गाडीतून उतरतात ते थेट पायरीवर.

तरीही घ्यायचीच असेल, तर सरळ सांगतो. मूल सहा महिन्यांच्या आतलं, मान न धरणारं असेल, तर पूर्ण सपाट होणारी पाठ नसलेली गाडी कितीही हलकी असली तरी घेऊ नका. चाकं मोठी घ्या, किलोभर वजन वाढलं तरी चालेल. खांदे, कंबर आणि पायांमधून येणारा पाच टोकांचा पट्टा हवाच, आणि तो लावायचाही हवा. दांड्याला पिशवी टांगू नका. पारा ४५ ला टेकतो तेव्हा दुपारी मूल बाहेर काढू नका. डांबराच्या तेवढ्या जवळ ते तुमच्यापेक्षा जास्त भाजतं आणि बकलाचं लोखंड चटका देतं. ऊन लागतं म्हणून वरून दुपटं टाकून गाडी बंद करू नका, आत हवा कोंडते. आणि दुकानात दुकानदाराला मिटू देऊ नका. तुम्ही स्वतः मिटा, टोपलीत सामान ठेवून, तीनदा.

आणि एक काम करा. मतं मागायला उमेदवार दारात आला की त्याला चहा देऊ नका, आश्वासन मागू नका. बाबागाडी बाहेर काढा, तिच्यात दहा किलोचं पिठाचं पोतं बसवा, पट्टा लावा आणि सांगा: हे फुटपाथवरून, न उचलता, चौकापर्यंत नेऊन आणा. जो नेऊन आणेल त्याला मत द्या. एकही नेऊ शकला नाही, तर पुढच्या पाच वर्षांत काय बांधायचं, हे निदान सगळ्यांना एकदम कळेल.